सहा प्रश्न आणि समोरचा खेळाडू

ऑनलाइन क्रीडा क्विझच्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण तयारी म्हणून आकडे पाठ करायला बसतात. गावसकरच्या कसोटी धावा १०,१२२, सचिनची आंतरराष्ट्रीय शतकं १००, मुरलीधरनचे कसोटी बळी ८००. हे आकडे माहीत हवेतच. पण त्यांच्या जोरावर लीग जिंकता येत नाही, कारण ते समोरच्यालाही तोंडपाठ असतात. लीगमध्ये वर चढतो तो दोन गोष्टी शिकलेला खेळाडू. अर्धवट माहितीवरून उत्तरापर्यंत कसं पोचायचं हे त्याला कळतं, आणि समोरच्याला काय येत असेल याचा अंदाज तो बांधू शकतो. दोन्ही गोष्टी सरावाने येतात. क्रिकेटवेड्या घरात वाढलेल्या आणि शाळेत खो-खो खेळलेल्या कुणालाही त्या जमण्यासारख्या आहेत.

आधी लीग म्हणजे काय ते पाहू. एका संध्याकाळी पन्नास प्रश्न विचारून निकाल लावला की ती स्पर्धा झाली. लीगमध्ये हंगाम असतो, गुणतक्ता असतो, वरच्या-खालच्या श्रेणी असतात आणि रोज नवा प्रतिस्पर्धी असतो. या प्रकारातलं सगळ्यांत नावाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली ‘लर्न्डलीग’. ती १९९७ पासून चालू आहे. जुन्या सभासदाने शिफारस केल्याशिवाय तिथे प्रवेश मिळत नाही. हंगाम पंचवीस सामन्यांचा असतो. दर सामन्याला सगळ्यांना तेच सहा प्रश्न येतात आणि प्रत्येकाला एक प्रतिस्पर्धी ठरवून दिलेला असतो. विषय सगळे असतात, त्यांत खेळ हाही एक. मुख्य हंगामांच्या मधल्या काळात एकेका विषयाच्या छोट्या लीग होतात, त्यांत खेळांचे विषयही येतात. आपल्याकडे २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेक क्विझ क्लबांनी आपले सामने झूम आणि डिस्कॉर्डवर नेले. त्यानंतर मित्रमंडळींच्या, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या, परदेशातल्या मराठी मंडळींच्या छोट्या लीग चालवणं सोपं झालं. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी रोज मोजके प्रश्न आणि एकास एक सामना हाच साचा चालतो, म्हणून तोच धरून बोलू.

या साच्यातली खरी गंमत गुण देण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही सहा प्रश्नांची उत्तरं लिहिता आणि त्याच सहा प्रश्नांना प्रतिस्पर्ध्यासाठी गुणही लावून ठेवता: एका प्रश्नाला शून्य, दोन प्रश्नांना प्रत्येकी एक, दोन प्रश्नांना प्रत्येकी दोन आणि एका प्रश्नाला तीन. एकूण नऊ. प्रतिस्पर्ध्याने एखादं उत्तर बरोबर दिलं तर त्या प्रश्नाला तुम्ही लावलेले गुण त्याला मिळतात. तोही तुमच्यासाठी हेच करत असतो. याला बचाव म्हणतात.

बचावामुळे काय होतं ते पाहा. तुमची पाच उत्तरं बरोबर आली, पण जे चुकलं त्यालाच समोरच्याने तीन गुण लावले होते. तुम्हाला मिळाले सहा. त्याची चारच उत्तरं बरोबर आली, पण चुकलेल्या दोन प्रश्नांना तुम्ही शून्य आणि एक लावून बसला होता. त्याला मिळाले आठ. जास्त उत्तरं येऊनही सामना तुम्ही हरलात, आणि तो हरलात बचावात. नवखे खेळाडू उत्तरांवर अर्धा तास घालवतात आणि बचाव अर्ध्या मिनिटात उरकतात. गुणतक्त्याच्या मधल्या भागात वर्षानुवर्षं अडकून राहण्याचं सगळ्यांत मोठं कारण हे असतं.

बचावातली नेहमीची गफलत अशी की आपल्याला जो प्रश्न अवघड वाटला त्याला आपण तीन लावतो आणि जो सोपा वाटला त्याला शून्य. म्हणजे समोरच्याच्या जागी आपण स्वतःलाच बसवतो. एक नमुना घेऊ. समजा आजचे सहा प्रश्न असे आहेत. बेसबॉलमध्ये ५११ सामने जिंकलेल्या कोणत्या खेळाडूच्या नावाने उत्कृष्ट पिचरला पुरस्कार देतात? (साय यंग.) १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये कोणत्या जिम्नॅस्टचे पूर्ण दहा गुण दाखवायला फलकावर जागाच नव्हती आणि १.०० असं दिसलं? (नादिया कोमानेची.) तूर द फ्रान्स शर्यतीत पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी कशासाठी देतात? (घाट चढण्यात अव्वल ठरल्याबद्दल.) एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं जिंकली त्याच ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवलं, शहर कोणतं? (हेलसिंकी.) कर्लिंगच्या खेळातल्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेलं एल्सा क्रेग हे बेट कोणत्या देशाच्या किनाऱ्याजवळ आहे? (स्कॉटलंड.) जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात कोणत्या देशाला हरवलं? (नेपाळ.)

समोर ह्यूस्टनमध्ये वाढलेला अमेरिकन असेल तर सरळ हिशोब आहे. साय यंगला शून्य, कारण ते नाव त्याने शाळेत असताना ऐकलेलं आहे. कोमानेचीला एक. खाशाबांच्या प्रश्नालाही एकच. खाशाबा त्याला माहीत नसतील, पण प्रश्नात झाटोपेकचं नाव आहे आणि मुरलेल्या क्विझवाल्याला त्यावरून १९५२ आणि हेलसिंकी लगेच सुचतं. हा प्रश्न आपल्याला खाशाबांचा वाटतो, त्याला तो झाटोपेकचा वाटतो. सायकल आणि कर्लिंग यांना दोन-दोन. खो-खोला तीन. आता समोर कोल्हापूरचा खेळाडू बसवा. खो-खो शून्यावर येतो, साय यंग तीनवर जातो, आणि मधले चार प्रश्न मात्र जवळपास जिथल्या तिथे राहतात. बचावाचा अभ्यास म्हणजे समोरचा कुठे वाढला, त्याचं वय काय असावं, कोणत्या खेळात तो सातत्याने बरोबर असतो, हे पाहणं. बऱ्याच लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याचे जुने निकाल विषयवार दिसतात. सामन्याआधी तो तक्ता उघडून पाहायची सवय लावा. आपल्या छोट्या लीगमध्ये असा तक्ता नसेल तर वहीत स्वतःच ठेवा: कोण १९८३ च्या आधीच्या क्रिकेटमध्ये पक्का आहे, कोणाला टेनिस येत नाही, कोण फॉर्म्युला वन रोज पाहतो.

आता उत्तरांकडे. चांगला प्रश्न लिहिणारा एकही शब्द फुकट खर्च करत नाही. वर्ष दिलं असेल तर ते कशासाठी तरी दिलेलं असतं, गाव दिलं असेल तर तेही. क्विझवाले ज्याला ‘वर्कआउट होणारा’ प्रश्न म्हणतात तो असाच असतो. उत्तर थेट माहीत नसलं तरी प्रश्नातल्या खुणांवरून पोचता येतं. मला फार आवडणारा एक प्रश्न असा:

‘डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद असताना काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला. त्यांनी आणखी दहा धावा केल्या असत्या, तर कोणाचा विक्रम मोडला असता?’

हे उत्तर पाठ नसेल असं धरून चाला. आणखी दहा म्हणजे ४५३. म्हणजे त्या वेळचा प्रथम श्रेणीतला विक्रम ४५२ चा होता. पुढे ब्रायन लाराचे नाबाद ५०१ आठवतात, पण ते १९९४ मधले, म्हणजे चालणार नाहीत. हनीफ मोहम्मदचे ४९९ आठवतात. पाचशेवी धाव घेताना तो धावबाद झाला होता, पण ते १९५९ मधलं. म्हणजे १९४८ च्या आधी एवढी धावसंख्या रचणारा कोण? त्या काळात अशा राक्षसी खेळी करणारं पहिलं नाव कोणतं सुचतं? डॉन ब्रॅडमन. बरोबर, १९३० च्या जानेवारीत सिडनीला न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२. ब्रॅडमनचा तो आकडा तुम्हाला माहीत असण्याची गरजच पडली नाही. विक्रम कोणाकडून कोणाकडे गेला हे आठवलं आणि वर्षं जुळवून बाकीची नावं गाळली, तेवढ्यात काम झालं. विक्रम पाठ करायचेच असतील तर असे ओळीने करा: ब्रॅडमन, हनीफ, लारा. सुटा आकडा विसरतो, ओळ विसरत नाही. आणि या ओळीच्या कडेला निंबाळकरांना जरूर ठेवा. एवढी खेळी करून त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, ही गोष्ट क्विझच्या निमित्ताने तरी पुढच्या पिढीच्या कानांवर पडत राहावी असं मला मनापासून वाटतं.

उत्तर सुचलंच नाही तर रिकामी जागा सोडू नका. या साच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न टेनिसचा, काळ १९८० च्या दशकाचा, आणि ‘एकाच वर्षी चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण’ असे शब्द दिसले तर स्टेफी ग्राफ लिहा. १९८८ मध्ये ते फक्त तिने केलं. प्रश्नातल्या कर्तृत्वावरून काहीच बोध होत नसेल तर त्या काळातलं त्या खेळातलं सगळ्यांत मोठं नाव लिहा. प्रश्न लिहिणारा बहुतेक वेळा उत्तराकडून मागे येत प्रश्न रचतो, आणि ज्या नावाभोवती सांगण्यासारखं खूप असतं तेच नाव तो निवडतो.

उत्तर लिहिताना आडनावावर थांबायचं की नाही याचाही विचार करा. ‘कोमानेची’ पुरतं. ‘विल्यम्स’ पुरत नाही, कारण व्हीनस आणि सेरेना दोघी आहेत. ‘वॉ’ पुरत नाही, ‘चॅपेल’ तर अजिबात नाही. ‘गायकवाड’ लिहिलंत तर दत्ताजीराव, अंशुमन की ऋतुराज हे परीक्षकाने का ठरवायचं? शंका असेल तिथे पूर्ण नाव लिहावं. पण पूर्ण नाव चुकलं तर बरोबर आडनावही वाया जाण्याची भीती असते. म्हणून त्या आडनावाचा त्या खेळात दुसरा कोणी नामांकित नसेल तर आडनावावरच थांबलेलं बरं.

तयारी कशी करावी, असं मला विचारलं तर मी सांगेन, ऑलिंपिकपासून सुरुवात करा. यजमान शहरं क्रमाने पाठ करा आणि प्रत्येक शहराला तीन-चार गोष्टी जोडून ठेवा, त्यांतली एक तरी आपल्या मातीतली. हेलसिंकी म्हटलं की झाटोपेक, सोव्हिएत संघाचं पहिलं ऑलिंपिक, हॉकीच्या अंतिम सामन्यात बलबीर सिंग यांचे नेदरलँड्सविरुद्ध पाच गोल आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. मेलबर्न १९५६ म्हटलं की घोडेस्वारीच्या स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या, भारतीय फुटबॉल संघ चौथा आला आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. रोम १९६० म्हटलं की अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला आणि चौथा आलेला मिल्खा सिंग. म्युनिक १९७२ म्हटलं की त्याच देशात हायडलबर्गला झालेलं त्या वर्षीचं पॅरालिंपिक आठवावं. पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी तिथे भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं. पॅरिस २०२४ म्हटलं की कोल्हापूर जिल्ह्यातला नेमबाज स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं वैयक्तिक पदक.

अशा वीस-पंचवीस शहरांच्या खुंट्या पक्क्या बसल्या की नवी माहिती कुठेतरी टांगता येते. नुसती टिपणं काढलेली महिनाभरात पुसली जातात.

आंतरराष्ट्रीय लीगमध्ये मराठी खेळाडूचा पाय अडतो तो अमेरिकन खेळांत. त्यांचे सामने पाहायला लागा असं मी म्हणणार नाही, तेवढा वेळ कोणाकडे असतो? पण पाया घालायला दोन रविवार पुरतात. बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकी या चार व्यावसायिक लीगमधल्या संघांची शहरं आणि नावं, आइस हॉकीचा स्टॅनली कप आणि अमेरिकन फुटबॉलची व्हिन्स लोम्बार्डी ट्रॉफी, आणि मोजके आकडे. जॅकी रॉबिन्सनचा ४२, जो १९९७ मध्ये सगळ्या मोठ्या बेसबॉल संघांनी त्याच्या सन्मानार्थ बंद केला. जो डिमॅजिओचे १९४१ मधले सलग ५६ सामने. विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एका सामन्यात केलेले १०० गुण. वेन ग्रेट्स्कीची ९९ क्रमांकाची जर्सी. अमेरिकन खेळांवर येणारे अनेक प्रश्न अशाच ठरावीक गोष्टींच्या आसपास फिरतात. याच पद्धतीने गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धा, फुटबॉल विश्वचषकांचे यजमान आणि विजेते, टेनिसमध्ये रॉड लेव्हरची १९६२ आणि १९६९ ची दोन ग्रँड स्लॅम पाहून ठेवा. हे रटाळ वाटलं तरी करायचंच.

आपल्या घरचं म्हणून जे आहे ते मात्र रटाळ वाटायचं कारण नाही, आणि नेमकं तेच आपण वाचत नाही. मराठी मंडळींच्या लीगमध्येसुद्धा प्रश्नांचा मोठा हिस्सा क्रिकेटचा असतो. मला हे खटकतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांच्या नावावर आहे. पहिले हिंदकेसरी, १९५९ मधले, श्रीपती खंचनाळे. हॉकीतला धनराज पिल्ले खडकीत जन्मला आणि चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९७१ मध्ये किंग्स्टनला २१२ धावा काढणारे दिलीप सरदेसाई मडगावचे. २०२५ चा महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक बातुमीत कोनेरू हंपीला हरवून जिंकणारी दिव्या देशमुख नागपूरची, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. ज्याला हे सगळं येतं त्याच्यासमोर बचाव लावणं भल्याभल्यांना जड जातं.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा. कागदी असो वा फोनमधली, पण ती चुकलेल्या उत्तरांपुरती नको. प्रश्न चुकला की त्याच्या आजूबाजूचं वाचून चार ओळी लिहा. समजा प्रश्न होता, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कबड्डीच्या उपांत्य सामन्यात भारताच्या पुरुष संघाला कोणी हरवलं, आणि तुम्ही दक्षिण कोरिया लिहिलंत. उत्तर इराण. तेवढं लिहून वही मिटवू नका. कबड्डी आशियाई स्पर्धांत १९९० मध्ये बीजिंगला आली, तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही पुरुष सुवर्णपदकं भारताची. २०१८ मध्ये जकार्ताला महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच भारताला हरवलं, आणि त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. २०२३ मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णं भारताकडे परत आली. एका चुकलेल्या प्रश्नातून चार प्रश्नांची तयारी झाली. शिवाय पुढच्या वेळी कबड्डीचा प्रश्न आला की नुसतं नाव आठवणार नाही, त्यामागची सगळी गोष्ट आठवेल. क्विझवाले यालाच प्रश्नाचा ‘फंडा’ म्हणतात. ज्याला फंड्यांची गोडी लागते त्याला पाठांतर करावं लागत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ऑनलाइन लीगमध्ये तुमच्यावर नजर ठेवणारा कोणी नसतो. फोन हाताशी असतो आणि उत्तर शोधायला दहा सेकंदं लागतात. लर्न्डलीगसारखी लीग एवढी वर्षं टिकली ती शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, या शब्दावर. आपल्या लीगमध्येही हा नियम पहिल्याच दिवशी लेखी ठेवा आणि त्यात पळवाट ठेवू नका. घरातल्यांना विचारणं म्हणजेही विचारणंच. प्रश्न खुले असेपर्यंत ते व्हॉट्सॲप गटात टाकायचे नाहीत. ‘आजचा तिसरा भारी होता’ एवढं म्हणणंही टाळावं, कारण त्यावरून समोरच्याचा बचाव बदलतो. प्रश्न वाचल्यानंतर योगायोगाने टीव्हीवर किंवा कुणाच्या बोलण्यात उत्तर कानावर पडलं, तर तो प्रश्न सोडून द्या आणि चालकाला तसं कळवा. माझं स्पष्ट मत आहे की संशयावरून कुणाला काढून टाकण्यापेक्षा प्रश्नच शोधायला अवघड करावेत. ‘कोण जिंकलं’ हे शोधपट्टीत टाकलं की लगेच मिळतं. निंबाळकरांसारखा प्रश्न ज्याला डोक्याने सोडवायचा आहे, त्याला शोधण्याचा मोह मुळात कमी होतो.

काही लीगमध्ये थेट फेऱ्याही होतात, व्हिडिओ कॉलवर. तिथे ‘पाउन्स’ची पद्धत असते: प्रश्न आपल्याकडे आलेला नसताना आधीच लेखी उत्तर पाठवायचं. बरोबर आलं तर गुण, चुकलं तर बहुधा वजा. पाउन्स करायचा तो उत्तरामागचं कारण सांगता येत असेल तेव्हाच. परदेशातली मंडळी असतील तर वेळ नीट ठरवा. पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात लंडनला दुपारचे साडेचार, न्यू जर्सीला सकाळचे साडेअकरा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ. शनिवार सोडला तर ही वेळ कुणालाच धड जमत नाही. रोजच्या सहा प्रश्नांसाठी पूर्ण चोवीस तासांची मुदत हाच उत्तम मार्ग.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी गोळा करून व्यवस्थेचा खर्च भागवणं वेगळं आणि प्रत्येकाने पैसे लावून विजेत्याने ते न्यायचे हे वेगळं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ‘क्रीडा क्विझ खेळा आणि रोज कमवा’ असं सांगणाऱ्या ॲपकडे फिरकू नका. मित्रांच्या लीगमध्ये बक्षीस म्हणून खेळावरचं एखादं चांगलं पुस्तक द्या.

एक-दोन हंगाम खेळून झाले की स्वतःची लीग सुरू करावीशी वाटेल. जरूर करा. आठ-दहा जण पुरेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर दहा जणांचा हंगाम नऊ सामन्यांत संपतो, आणि पहिल्या खेपेला तेवढाच बरा. प्रश्न लिहायचं काम पाळीपाळीने वाटून घ्या. ज्याची पाळी त्याची त्या दिवशी सुट्टी, म्हणून हंगामाचे दिवस थोडे वाढतील. सहा प्रश्नांत क्रिकेटचे दोनच ठेवा. एक देशी खेळाचा, एक ऑलिंपिकचा, एक महिलांच्या खेळाचा आणि एक अगदी अनोळखी, असं धोरण ठेवून पाहा. पाठवण्याआधी प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी तपासायचं. खेळातल्या सांगोवांगी गोष्टींत खोट्या फार असतात.

आणि शब्द मोजून लिहा. ‘भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणाचं?’ असा प्रश्न टाकलात की भांडण ठरलेलं. कोणी खाशाबा लिहील, कोणी नॉर्मन प्रिचर्ड. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्डने १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत दोन रौप्यपदकं जिंकली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते, तर ॲथलेटिक्सचे काही इतिहासकार ब्रिटनच्या. प्रश्नात ‘स्वतंत्र भारताचं’ एवढं जोडलं असतं तर उत्तर एकच उरलं असतं. ते जोडायचं राहिलं असेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्या आणि कारण सगळ्यांना कळवा. हरकत घ्यायला निकालानंतर एक दिवस ठेवा. निर्णय प्रश्न लिहिणाऱ्याने घेऊ नये. त्या दिवशी ज्यांचा सामना नाही किंवा ज्यांच्या गुणांवर परिणाम होत नाही अशा दोघांनी घ्यावा. एकदा घेतलेला निर्णय त्या हंगामापुरता कायम ठेवा आणि नोंदून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रश्नकर्त्याला तो आधीच वाचता येईल.